शेळी विकली नाही!

मी पहिलीपासून कॉन्व्हेंटची. 'अर्थसंकल्प' म्हणायच्या आधी माझ्या तोंडात 'बजेट' येतं, तेवढं चालवून घ्या. विषय मात्र अस्सल महाराष्ट्राचा आहे.

पप्पांच्या सॅलरी स्लिपवर दर महिन्याला 'पी. टी. २००' अशी कपात असते. फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २५००. ही पी. टी. शाळेतली कवायत नव्हे, व्यवसाय कर! १९७५ च्या कायद्याने तो आला, रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. शहरातल्या पगारदारांनी कर द्यायचा, सरकारने त्यात तेवढीच भर घालायची आणि गावात मागेल त्याला काम द्यायचं. ही कल्पना वि. स. पागे यांची. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तिचा कायदा लागू झाला.

माझी आजी माण तालुक्यातली. ७२ साली ती माझ्याच वयाची होती आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. 'मिलो' आणि 'सुकडी' हे शब्द मला तिच्याकडूनच कळले. मी विचारलं, "आजी, त्या पैशाचं काय केलंस गं?"

"काय करतीया? ज्वारी आणली, त्याल-मीठ आणलं. पण शेळी इकली न्हाई बघ!"

पुढे पाऊस झाला तेव्हा बियाण्याचे पैसे त्याच शेळीच्या करडांतून आले. पुस्तकातलं 'कन्झम्प्शन' म्हणजे आजीच्या घरी एवढंच... चूल पेटली आणि शेळी दावणीला राहिली.

आम्ही सिव्हिलवाले लगेच विचारतो, जेसीबी दोन दिवसांत करेल त्या कामाला शंभर माणसं कशाला? याचं उत्तर पैसा कुठल्या वाटेने जातो त्यात आहे. फ्लायओव्हरचा बराच पैसा सिमेंट, स्टील आणि मशिनरीत जातो. पाझर तलावावरची मजुरी आठवडी बाजारात जाते, तिथल्या वाण्याचंही घर चालवते.

आज चित्र कसं आहे? सरकारी पाहणीनुसार २०११-१२ मध्ये शहरी माणसाचा सरासरी मासिक खर्च ग्रामीण माणसापेक्षा ८४ टक्के जास्त होता. २०२३-२४ मध्ये हा फरक ७० टक्क्यांवर आला. शहरात ६९९६ रुपये, खेड्यात ४१२२. फुकट मिळालेलं धान्य आणि वस्तू धरल्या तरी खेड्याचा आकडा ४२४७ होतो, म्हणजे भर फक्त १२५ रुपयांची! फुकटच्या धान्याने पोट भरतं, दरी भरत नाही. त्यासाठी हाताला काम आणि शेताला पाणीच लागतं.

केंद्राच्या २००५ च्या कायद्यात १०० दिवस कामाची हमी होती. संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये मंजूर केलेल्या नव्या कायद्यात ती १२५ दिवस आहे, पण आपल्यासारख्या राज्यांना खर्चाचा ४० टक्के वाटा उचलायचा आहे. दिवस वाढले, आता तिजोरी किती उघडते ते बघायचं.

आपल्यापैकी कुणीतरी उद्या ज्युनिअर इंजिनिअर होईल. अशा कामावर मोजमाप पुस्तकात नोंद झाल्याशिवाय मजुरी निघत नाही. साहेबांची साइट व्हिजिट आठवडाभर लांबली, तर एखाद्या घरची शेळी बाजारात जाऊ शकते. एवढं लक्षात ठेवाल ना?