नोट नाकारण्याचा अधिकार कुणाला?

मॅनहॅटनच्या ऑफिसांच्या वस्तीत 2017-18 च्या सुमारास सॅलड आणि कॉफीच्या दुकानांवर एक पाटी दिसू लागली होती: रोख रक्कम स्वीकारली जात नाही. काउंटरवर गल्ला नाही, सुट्ट्यांची खणखण नाही, कार्ड टेकवा आणि चालू लागा. स्वीटग्रीनसारख्या मोठ्या साखळीने 2017 मध्ये देशभरातल्या आपल्या जवळजवळ सगळ्या दुकानांतून रोकड हद्दपार केली. पुढच्या वर्षी जानेवारीत ॲमेझॉनने सिएटलमध्ये गल्ला आणि कॅशियर दोन्ही नसलेलं दुकान उघडलं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात याला अडकाठी नव्हती. डॉलरच्या नोटेवर ती सर्व देण्यांसाठी वैध चलन असल्याचं छापलेलं असतं, पण खासगी दुकानदाराने ती घेतलीच पाहिजे असं सांगणारा कायदा वॉशिंग्टनने केलेला नाही. ती उणीव शहरांनी आणि राज्यांनी भरून काढली. मॅसॅच्युसेट्समध्ये 1978 पासूनच तसा कायदा होता. 2019 मध्ये फिलाडेल्फिया आणि न्यू जर्सीने तो केला. न्यूयॉर्क शहराचा कायदा 19 नोव्हेंबर 2020 पासून लागू झाला. दुकानाने किंवा हॉटेलने रोख नाकारली तर पहिल्या वेळी एक हजार डॉलरपर्यंत आणि नंतर प्रत्येक वेळी दीड हजारापर्यंत दंड होतो. ग्राहकाला 311 या शहराच्या नंबरावर तक्रार करता येते. कायद्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं कलम दुसरंच आहे. रोख देणाऱ्याकडून कार्डवाल्यापेक्षा जास्त पैसे घ्यायचे नाहीत, असं ते सांगतं.

हा कायदा कोणासाठी झाला, हे न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. क्वीन्समध्ये जॅक्सन हाइट्सच्या 74 व्या रस्त्यावर, जिथे आपली मंडळी डाळ-तांदूळ आणि कढीपत्ता घ्यायला जातात, तिथून रूझवेल्ट ॲव्हेन्यूकडे वळलं की फळांच्या गाड्या, मक्याची कणसं विकणाऱ्या बाया आणि रोजंदारीवर उभे असलेले मजूर दिसतात. घरकाम करणारी, मुलं सांभाळणारी आणि कागदपत्रं नसलेली माणसं इथे नोटांवर जगतात. कायदा झाला त्या काळात शहरातल्या दर दहा घरांमागे साधारण एका घराचं बँकेत खातंच नव्हतं. या माणसांच्या खिशातला पैसा कष्टाचा आहे, खरा आहे, आणि तरी भर दुपारी एखाद्या दुकानात तो कागदाचा तुकडा ठरतो, ही गोष्ट नगर परिषदेला मान्य झाली नाही. मलाही ती मान्य नाही. पैसा कोणत्या रूपात द्यायचा, हे ठरवण्याचा अधिकार देणाऱ्याकडे असला पाहिजे. निदान रोजच्या, लहान खरेदीत तरी तो घेणाऱ्याच्या सोयीवर सोडून चालत नाही. आणि हा प्रश्न मला न्यूयॉर्कपेक्षाही नागपूरसाठी जास्त तातडीचा वाटतो.

नोटेचा इतिहास नागपूरइतक्या जवळून थोड्याच शहरांनी पाहिला आहे. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. डिसेंबरअखेरीस बँकांची मुदत संपल्यावर परदेशात अडकलेल्या भारतीयांना जुन्या नोटा बदलण्यासाठी रिझर्व्ह बँकेची फक्त पाच कार्यालयं उरली: मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि नागपूर. अनिवासी भारतीयांना 30 जून 2017 पर्यंत मुदत होती. म्हणजे जगभरातल्या भारतीयांच्या कपाटांत राहून गेलेल्या नोटांचा शेवट ज्या मोजक्या खिडक्यांवर झाला, त्यांतली एक आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये होती. त्याच वर्षी 14 एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीदिवशी, पंतप्रधान दीक्षाभूमीवर आले आणि त्याच दौऱ्यात त्यांनी नागपुरातूनच भीम-आधार ही अंगठ्याने पैसे देण्याची सोय सुरू केली. जुनी नोट परत घेणं आणि नव्या व्यवहाराचा नारळ फोडणं, ही दोन्ही कामं सहा महिन्यांच्या आत एकाच शहरात झाली. ज्यांच्या नावाने ती सोय सुरू झाली, त्या बाबासाहेबांनी 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला होता. रुपयाचं मोल डळमळलं की हाल मजुरी आणि पगारावर जगणाऱ्याचे होतात, याची त्यांना पुरेपूर जाण होती.

त्यानंतर जे घडलं ते थक्क करणारं आहे आणि ते मी मनापासून मान्य करतो. 2016 च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या यूपीआयवर ऑगस्ट 2025 या एका महिन्यात दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. बर्डीवरचा चप्पलवाला, गोकुळपेठेतली भाजीवाली, तर्री पोह्यांची गाडी, सगळीकडे चौकोनी कोड आणि पैसे आल्याचं मोठ्याने सांगणारा डबा आहे. न्यूयॉर्कच्या दुकानदाराला कार्डाच्या प्रत्येक व्यवहारामागे दोन-तीन टक्के मोजावे लागतात, आपल्या पोहेवाल्याला एक पैसाही लागत नाही. तंत्रज्ञानात नागपूर न्यूयॉर्कच्या पुढे आहे. कायद्यात मात्र आपण नेमके उलट दिशेला चाललो आहोत, आणि त्याचा ठळक पुरावा टोलनाक्यावर उभा आहे.

16 फेब्रुवारी 2021 पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग नसलेल्या गाडीला दुप्पट टोल लागू झाला. 15 नोव्हेंबर 2025 पासून त्यात बदल झाला: फास्टॅग नाही पण यूपीआयने पैसे दिले तर सव्वापट, रोख दिले तर दुप्पट. दोन गाड्या एकाच रांगेत, दोघांकडेही टॅग नाही, दोघेही नाक्यावर तेवढाच वेळ घेतात. एकाने फोन पुढे केला, दुसऱ्याने रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरच्या सहीची नोट पुढे केली. नोटवाल्याला जास्त दंड. रिझर्व्ह बँकेच्या 1934 च्या कायद्यातलं 26 वं कलम म्हणतं की नोट भारतात कुठेही वैध चलन आहे, आणि त्याच भारताचं सरकार ती नोट हातात घेताना तिची किंमत निम्मी धरतं. महाराष्ट्राने 1 एप्रिल 2025 पासून राज्याच्या टोलनाक्यांवरही फास्टॅगची सक्ती केली. नागपूरहून निघणाऱ्या समृद्धी महामार्गावर मुंबईपर्यंतच्या 701 किलोमीटरला हलक्या गाडीचा टोल आजच साडेचौदाशेच्या घरात आहे. त्याची दुप्पट म्हणजे काय, हे टॅगमधली शिल्लक संपलेल्या किंवा ज्याचा टॅग काळ्या यादीत गेला आहे अशा माणसाला विचारा.

यावर पहिला आक्षेप वेळेचा, आणि तो हलका नाही. सरकारी आकड्यांनुसार 2018-19 मध्ये नाक्यावर सरासरी आठ मिनिटं लागत, फास्टॅगनंतर ती 47 सेकंदांवर आली. डिझेल वाचलं, धूर कमी झाला, ट्रकवाल्याचे तास वाचले. मुंबई उच्च न्यायालयाने 2025 मध्ये या सक्तीविरुद्धची जनहित याचिका फेटाळली आणि हा धोरणाचा भाग मानला. टॅगसाठी वेगळी, वेगवान मार्गिका ठेवायला माझा विरोध नाही. टॅगवाल्याला लवकर सोडा, रोखवाला मागे थांबेल. वेळ जास्त लागतो म्हणून जास्त थांबणं हे न्यायाचं आहे. वेळ तेवढाच लागूनही केवळ नोट आहे म्हणून जास्त पैसे घेणं न्यायाचं नाही. सव्वापट आणि दुप्पट यांतला फरक रांगेने समजावता येत नाही.

दुसरा आक्षेप असा, की नागपुरात नोट नाकारतंच कोण? इतवारीतल्या ठोक बाजारात, कळमन्याच्या संत्र्यांच्या लिलावात आजही नोटांची बंडलं फिरतात. मार्च 2025 अखेर देशात 36 लाख कोटींहून अधिक किमतीच्या नोटा चलनात होत्या, नोटबंदीच्या आधीच्या दुपटीहून जास्त. मग कायदा कशाला? याचं उत्तर न्यूयॉर्कनेच दिलं आहे. तिथेही कायदा झाला तेव्हा रोख नाकारणारी दुकानं थोडीच होती. स्वीटग्रीन तर 2019 मध्ये टीकेनंतर स्वतःहून मागे आली होती. हक्क लिहून ठेवायचा तो मोडणाऱ्यांची संख्या लहान असताना. एकदा सगळ्या दुकानांनी गल्ले काढून टाकले, बँकांनी शाखा आणि एटीएम बंद केले, की कायदा करूनही गल्ला परत येत नाही. स्वीडनने हे अनुभवलं. मोबाइलवरच्या पेमेंटमध्ये जगाच्या पुढे धावलेल्या त्या देशाला 2021 पासून मोठ्या बँकांवर रोख सेवा देण्याची कायदेशीर जबाबदारी टाकावी लागली. शेजारच्या नॉर्वेने ऑक्टोबर 2024 पासून दुकानात रोख देण्याचा ग्राहकाचा हक्क आणखी पक्का केला. हे देश मागासलेले नाहीत. वीज, नेट किंवा सर्व्हर गेला तर काय, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला. 28 एप्रिल 2025 ला स्पेन आणि पोर्तुगालची वीज गेली तेव्हा ज्याच्या खिशात नोट होती त्याला पाणी आणि पाव मिळाला. आपल्याकडे त्याच वर्षी मार्च आणि एप्रिलमध्ये यूपीआय काही तास अडखळलं.

आणि फुकटपणाचं काय? यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नाही, कारण 1 जानेवारी 2020 पासून सरकारने ते शून्य ठेवलं आहे आणि बँकांना तिजोरीतून भरपाई दिली जाते. 2024-25 साठी दीड हजार कोटींची तरतूद झाली. हे धोरण उद्या बदलू शकतं. यूपीआयचे साधारण ऐंशी टक्के व्यवहार फोन पे आणि गुगल पे या दोन ॲपांवरून होतात. एकाची मुख्य मालकी वॉलमार्टकडे, दुसरं गुगलचं. एका ॲपचा वाटा तीस टक्क्यांवर जाऊ नये असं 2020 मध्ये ठरलं, पण अंमलबजावणी 2026 च्या अखेरीपर्यंत ढकलली गेली आहे. शुल्क लागलं त्या दिवशी पोहेवाल्याच्या हाती एकच अस्त्र असेल, रोख घेण्याचं. ते त्याच्या आणि त्याच्या गिऱ्हाइकाच्या हातून आधीच गेलं असेल, तर त्याला म्हणतील तेवढं द्यावं लागेल.

काळ्या पैशाचा मुद्दा कोणीतरी काढणारच. रद्द केलेल्या नोटांपैकी 99.3 टक्के बँकांत परत आल्या, हा रिझर्व्ह बँकेचाच हिशेब आहे. म्हणजे नोट आणि काळा पैसा यांचं समीकरण मांडतात तितकं सरळ नाही. दुसऱ्या बाजूला, 2024 मध्ये सायबर फसवणुकीत भारतीयांचे 22 हजार 845 कोटी रुपये गेले. कर्नाटकात जुलै 2025 मध्ये यूपीआयच्या जमेवरून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, हावेरीच्या एका भाजीवाल्याला 29 लाखांची. ताज्या भाजीवर जीएसटीच नाही. बेंगळुरूच्या गाड्यांवर रातोरात ‘फक्त रोख’च्या पाट्या लागल्या आणि शेवटी मुख्यमंत्र्यांना मध्ये पडावं लागलं. कर चुकवावा असं मी म्हणत नाही. मोठ्या रकमांच्या रोखीवर मर्यादा आहेतच, त्या असू द्याव्यात. न्यूयॉर्कचा कायदाही वीस डॉलरवरच्या नोटा घेण्याची सक्ती करत नाही. पण शंभर रुपयांच्या भाजीची नोंद वर्षानुवर्षं कुठेतरी साठत राहावी आणि एक दिवस पुरावा म्हणून उभी राहावी, हे भाजी विकणाऱ्याने किंवा घेणाऱ्याने कधी कबूल केलेलं नाही. कोणा भामट्याने दिलेले दोनशे रुपये खात्यात आले म्हणून दुकानदाराचं सगळं खातं गोठवण्याचे प्रकारही झाले. केरळ उच्च न्यायालयाला 2023 मध्ये सांगावं लागलं, की गोठवायचीच तर वादातली तेवढीच रक्कम गोठवा. नोट घेणाऱ्याच्या गल्ल्याला असं टाळं लागत नाही.

सगळ्यात कमी बोललं जातं ते घरातल्या बायकांबद्दल. तांदळाच्या डब्यात बाजूला टाकलेले पाचशे रुपये ही आपल्याकडे कित्येक घरांत बाईची एकमेव स्वतःची शिल्लक असते. सिम नवऱ्याच्या नावावर, बँकेचा मेसेज नवऱ्याच्या फोनवर, अशा घरात प्रत्येक खर्च दिसतो आणि विचारला जातो. माहेरी जाण्याचं तिकीट, डॉक्टरची फी, मुलीच्या परीक्षेचा अर्ज, यांतलं काहीही कोणाला न सांगता भरता येणं हे तिचं स्वातंत्र्य आहे. साध्या फोनवरूनही यूपीआय करण्याची सोय 2022 पासून आली, ती चांगलीच आहे. पण फोनचा प्रकार बदलल्याने नोंद कोणाच्या नजरेखाली राहते, हे बदलत नाही.

चलन हा केंद्राचा विषय आहे, म्हणून राज्य काही करू शकत नाही, असं सांगितलं जाईल. न्यूयॉर्क शहराने चलनाला हातच लावला नाही. त्याने ग्राहक संरक्षण म्हणून दुकानांवर नियम घातला. महाराष्ट्राकडे दुकानं आणि आस्थापनांचा 2017 चा स्वतःचा कायदा आहे. दुकान, हॉटेल, दवाखाना आणि औषधाच्या दुकानात ठरावीक रकमेपर्यंत, समजा दोन हजारांपर्यंत, रोख नाकारता येणार नाही आणि रोखीला जादा दर लावता येणार नाही, एवढी तरतूद पुरे आहे. ऑनलाइन विक्री त्यातून वगळावी, सुट्ट्यांची अडचण असणाऱ्या छोट्या गाडीवाल्याला दंडाऐवजी सवलत द्यावी. रस्ते विकास महामंडळाच्या नाक्यांवरचा रोखीचा दंड तर राज्य सरकारला स्वतःच्याच आदेशाने यूपीआयच्या पातळीवर आणता येईल. राष्ट्रीय महामार्गांचा नियम बदलणं ज्या मंत्र्यांच्या हाती आहे, ते नागपूरचेच खासदार आहेत. आणि विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपूर कराराप्रमाणे नागपुरातच भरतं, रिझर्व्ह बँकेच्या त्या कार्यालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर.