वाळा

माधवनगरला आमच्या घरामागून मिरज-पुण्याचा लोहमार्ग जाई, आणि इंजिनाच्या शिटीसरशी अक्का रुळांकडे धाव घेत असल्यामुळे आईने तिच्या उजव्या पायात घुंगरांचा वाळा घातला होता. तो अलंकार नव्हता, ती पहाऱ्याची तजवीज होती, आणि वयाच्या सातव्या वर्षापासून पहारेकरी मी होतो. "अक्काकडं ध्यान असू दे रं," एवढे बोलून आई चुलीकडे वळे. विटीदांडूचा डाव ऐन रंगात आला तरी माझा एक कान त्या घुंगरांपाशी असे आणि घुंगरे थांबली की मी दांडू टाकून पळे.

अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिला काय झाले आहे, हे मला कोणी सांगितले नाही. विचारण्याचा परिपाठही घरात नव्हता. दहाव्या वर्षी एका दुपारी संतापाने मी तो वाळा काढून तांदळाच्या डब्यात पुरला. ती रडली नाही. उंबऱ्यावर बसून उघडा पाय माझ्यापुढे धरून राहिली. तो संताप पाप नव्हता, हे मला त्या वेळी कोणीतरी सांगायला हवे होते. सबंध बालपणात "आज तू खेळलास का?" असे विचारणारे आमचे एक गुरुजी तेवढे भेटले, आणि त्या प्रश्नावर मला हुंदका आवरला नाही.

पुण्यात सिंधुताई जोशींनी १९६४ साली 'कामायनी' काढून अक्कासारख्या मुलांना शाळा दिली. त्यांच्या पाठच्या भावंडांचा विचार मात्र आपल्याकडे अजून अभावानेच होतो. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या डोनाल्ड मेयर यांनी रुजवलेल्या 'सिबशॉप' नावाच्या मेळाव्यांत अशी भावंडे एकत्र खेळतात, खातात, आणि खेळता खेळता आपली लाज, राग, माया एकमेकांपाशी बोलतात. तांदळाच्या डब्याची हकिकत मला अशाच एखाद्या सवंगड्याला सांगता आली असती.

आईवडील गेल्यावर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमान्वये कायदेशीर पालकत्वासाठी मी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज गुदरला. नात्याच्या रकान्यात 'भाऊ' लिहून मान वर केली, तो शेजारी बाकावर बसलेल्या अक्काने सवयीने उजवा पाय माझ्यापुढे केलेला होता. सुजलेल्या घोट्यावरचा वाळा सोनाराने कापून काढल्याला तेव्हा कित्येक वर्षे लोटली होती.