तिसरा दिवस

एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. ही म्हण आजीच्या तोंडी असायची, पण पाहुणे गेल्यावर. ते असताना तिनं वाढताना कधी हात आखडता घेतला नाही. म्हणून म्हण निरुपद्रवी वाटायची. आता ती डोक्यातून जाता जात नाही.

हे दिवस मोजतो कोण? मोजतो तो घरचाच. ज्याचं घरदार युद्धात गेलं, त्याला तिसरा दिवस उजाडल्याचा पत्ताही नसतो; त्याचा पहिलाच दिवस अजून मावळलेला नसतो. आणि म्हणीत अक्कल जाते तीही पाहुण्याचीच.

कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 साली पोलंडची माणसं आली. पूर्व पोलंडमधून सोव्हिएत सत्तेनं त्यांना सायबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. तिथून सुटून, इराणमार्गे ती इथवर पोचली. सुमारे 5,000 जण, बहुतेक बायका आणि मुलं. बराकी, शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं, सगळा संसार त्यांनी इथं मांडला आणि तो 1948 पर्यंत चालला. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. इथं लहानाची मोठी झालेली काही माणसं म्हातारपणी पुन्हा येऊन गेली, तेव्हा लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. हे प्रेम खरं आहे, त्यात मला काडीची शंका नाही.

तरी एक गोष्ट सलते. त्यांच्या पोटापाण्याचा भार सुरुवातीची वर्षं लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार उचलत होतं. आसपासच्या गावांचं दूध, भाजी, अंडी तिथं खपत होती. आणि युद्ध संपलं की ही मंडळी जाणार, हे सगळे धरून चालले होते. म्हणजे पाच वर्षं राहूनही तिसरा दिवस त्यांच्या वाट्याला आलाच नाही. (गेली तीही घरी नव्हेच. कितीकांची गावं सीमा सरकल्यानं परक्या देशात गेली होती. कुणी इंग्लंड गाठलं, कुणी कॅनडा, कुणी ऑस्ट्रेलिया.)

ती गेली आणि त्याच बराकींत फाळणीनं उखडलेले सिंधी आले. वळिवडे कॅम्पचं गांधीनगर झालं. हे मात्र राहायला आले होते, आणि बाजारात उतरले.

आज कोल्हापूर, सांगली, कोकण, पार बेळगावकडची माणसंही लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरला जातात. आमच्या घरचे बस्तेही तिथलेच. पांढऱ्याशुभ्र गादीवर बायका मांडी ठोकून बसतात, चहा येतो, मानपानाच्या साड्यांचा ढीग एकीकडे, आहेराचे टॉवेल-टोप्या दुसरीकडे, नवरीचा शालू सगळ्यात शेवटी. असाच एक म्हातारा सिंधी दुकानदार माझ्या डोळ्यांसमोर आहे. दारातच म्हणाला, “या पाव्हणं, बसा.” कोल्हापुरात कुणीही कुणालाही असंच म्हणतं. पण त्याच्या तोंडून ते ऐकताना मी क्षणभर थबकलो. मग त्यानं विचारलं, बस्ता लेकीचा की लेकाचा? आणि कामाला लागला. काकूनं आत्याबाईंसाठी एक साडी बाजूला काढली, तर त्यानं ती अलगद मागे ओढली. “ही नको वहिनी, मावशींची ह्याहून भारी झालीय. आत्याबाई रुसतील.” काकूनं मुकाट्यानं दुसरी घेतली.

आमच्या घरातले रुसवे त्याला ठाऊक होते. त्याच्या घरात मुलीला लग्नात काय देतात, चेटीचंडला काय रांधतात, सिंधमधलं त्याचं गाव कुठलं, हे त्या गादीवर बसलेल्यांपैकी कुणालाही ठाऊक नव्हतं. विकणाऱ्याला गिऱ्हाईक ओळखावंच लागतं, असं कुणी म्हणेल. पण तो आवाज मालकाचा नव्हता, थोरल्या दिराचा होता. इतकी वर्षं शेजारी राहून एवढं जमलं, की इतक्या वर्षांत एवढंच जमलं?

स्मृतिस्तंभ गेलेल्यांचा आहे. राहिलेल्यांकडे आपण भाव करायला जातो. बराच काळ मला यात आपली कोती वृत्ती दिसे. आता वाटतं, रोज घासाघीस करता येणं हेच कदाचित अधिक जवळचं.

पण पोलंडकडे पाहिलं की हेही डळमळतं. 2022 च्या मार्चमध्ये प्शेमिशल स्टेशनच्या फलाटावर पोलिश आयांनी आपल्या मुलांच्या बाबागाड्या आणून ठेवल्या होत्या, युक्रेनमधून तान्ही मुलं घेऊन उतरणाऱ्या बायकांसाठी. वळिवड्याला आलेल्या कितीतरी कुटुंबांची गावं आज त्याच युक्रेनमध्ये आहेत. 2025 मध्ये त्याच पोलंडनं ठरवलं की युक्रेनी पालक कामावर असतील तरच मुलांचा भत्ता मिळेल. तिथली बहुतेक धडधाकट युक्रेनी माणसं तर काम करतातच, करही भरतात, त्यांची मुलं पोलिश शाळांत जातात. एकमेकांची गरज आहे, बाजार आहे, भाषाही बरीच जवळची. तरी नाराजी वाढली. मग गांधीनगरात नेमकं काय जुळलं, की तिथंही जुळलं नाहीच, नुसतं निभावलं गेलं? त्या दुकानदाराच्या नातवाला विचारलं तर तो कदाचित वेगळंच सांगेल, आणि तेही मी बस्ता बांधायला आलेला असेन तर सांगणार नाही.