येडशीला बोट लागली

माणूस गेल्यावर त्याच्या मागे काय काय उरलं, याचा हिशेब आमच्या बँकेत एका छापील फॉर्मवर होतो. बचत खातं, मुदत ठेव, लॉकर. त्यापुढे नॉमिनीचं नाव, नातं, वय. खाली सही आणि सहीखाली दोन साक्षीदार. वीस वर्षं मी हे फॉर्म भरून घेत आलो आहे, आणि माझा अनुभव असा की, ज्या वस्तूंपायी घरात खरा खोळंबा होतो त्यांना या फॉर्मवर रकानाच नसतो. कुणाची बाजाची पेटी असते, कुणाची कबुतरं असतात, कुणी होमिओपॅथीच्या चारशे बाटल्या मागे ठेवून जातो. आमच्या शेजारच्या अण्णांनी मागे ठेवली ती बोट. हाताचं बोट नव्हे. पाण्यातली. बारा फूट लांब, फायबरची, दोन वल्ह्यांसकट.

आता ही बोट मुरूडला किंवा मालवणला असती, तर हा लेख लिहायचं काही कारण नव्हतं. पण ती येडशीला होती. येडशी म्हणजे बालाघाटच्या डोंगररांगेतलं गाव. इथे रेल्वे स्टेशन आहे, हमरस्ता आहे, १९९७ साली जाहीर झालेलं रामलिंग घाट अभयारण्य आहे आणि त्या अभयारण्यात माणसांपेक्षा धीट माकडं आहेत. नाही ते फक्त पाणी. रामलिंगाच्या दरीतला ओढा पावसाळ्यात खळाळतो, धबधबा कोसळतो, मग दिवाळीनंतर सगळं शांत. आख्यायिका अशी सांगतात की, रावणाशी झुंजून जटायू इथेच पडला आणि तहानलेल्या जटायूसाठी रामाने बाण मारून पाणी काढलं. म्हणजे त्रेतायुगापासून आमच्याकडे पाणी जमिनीला भोक पाडूनच काढावं लागतं. तेव्हा बाणाने काढत, आता बोअरने काढतात, एवढाच काय तो फरक.

इतिहासही बोटीच्या विरोधातच आहे. जवळचं तेर, म्हणजे गोरोबाकाकांचं तेर, हे दोन हजार वर्षांपूर्वीचं तगर. रोमशी व्यापार करणारी मोठी पेठ. पण त्या काळच्या ग्रीक प्रवासवर्णनात स्वच्छ लिहून ठेवलंय की, तगरचा माल भडोचच्या बंदरापर्यंत गाड्यांतून जात असे. रोमशी संबंध असूनही जिथे बोट आली नाही, तिथे अण्णांनी एका रविवारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून ती आणली. अर्धं गाव मागे. एका पोराने विचारलं, "अण्णा, पूर येनार हाय का?"

अण्णा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. उभा जन्म धरणांवर गेला. त्या पाण्यावर शेतकऱ्याचा हक्क, कारखान्याचा हक्क, शहराचा हक्क. अण्णांना त्यातला थेंब नको होता. त्यांना त्या पाण्यावर नुसतं बसायचं होतं. तरुणपणी कामानिमित्त ते मुंबईला गेले होते आणि पवईच्या तलावावर गळ टाकून बसलेली मंडळी त्यांनी पाहिली. पवईचा तलाव १८९१ सालचा आणि मासे धरण्याच्या शौकिनांची तिथे रीतसर संघटना. मासा लागला की वजन करायचं, कौतुक करायचं आणि पुन्हा पाण्यात सोडायचा. अण्णांना हे इतकं आवडलं की, येताना ते घरच्यांसाठी काही न आणता रीळ लावलेली एक काठी घेऊन आले. त्या बाबतीतला काकूंचा राग पुढची चाळीस वर्षं चालू होता.

घर पक्कं माळकरी. काकूंच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा आलेलं नाही. त्यामुळे मासा सोडून देण्याची ही पद्धत अण्णांना तत्त्व म्हणून पटली होती की सोय म्हणून, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण माशांवर त्यांचं प्रेम खरं. त्यातही महाशीर म्हटला की ते हरिकथेच्या सुरात बोलत. आपल्या दख्खनच्या महाशीराला शास्त्रीय नाव दिलं ते साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने, १८३९ साली, आणि मासा होता पुण्याच्या मुळा-मुठेतला. "मुळा-मुठेत!" असं म्हणून अण्णा डोळे मिटत. आजच्या मुळा-मुठेचं स्मरण होऊन ते मिटत असावेत. पुढे धरणं झाली, नद्या घाण झाल्या आणि महाशीर आटला, तेव्हा टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी त्याची पिल्लं वाढवायला घेतली, हेही त्यांनीच मला सांगितलं. मी बी.कॉम. आहे. माशांविषयी माझं ज्ञान 'शेअर बाजारातले मोठे मासे' यापलीकडे नव्हतं.

बोट यायची ती तेरजवळच्या तेरणा धरणावर न्यायला. दर रविवारी पहाटे टेम्पो, त्यात बोट, बोटीत अण्णा. पण मराठवाड्यातलं धरण म्हणजे आमच्याकडच्या कर्जदारासारखं. कागदावर क्षमता मोठी, प्रत्यक्षात शिल्लक विचारू नये. २०१६च्या उन्हाळ्यात तर कहर झाला. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. एप्रिलच्या १२ तारखेला पहिली गाडी लातूरला पोचली, १० वाघिणी, ५ लाख लिटर. ती गाडी आमच्या येडशीवरूनच गेली. अण्णांनी मला ते दहा वेळा तरी सांगितलं असेल. "बघ, पाणी रुळावरून चाललंय आणि बोट पत्र्याखाली उभी आहे. दोघांनी जागा बदलून घेतल्या."

त्यानंतर पाऊस आला, धरण भरलं, पण अण्णांचे गुडघे गेले. मग ते संध्याकाळी अंगणातल्या बोटीतच जाऊन बसत. काकू काठावरून चहाचा कप आत देत. रस्त्याने जाणारा नवखा माणूस ते बघून दोन मिनिटं थांबत असे.

गेल्या वर्षी अण्णा गेले. पैशांचे सगळे फॉर्म मी भरले. तिसऱ्या महिन्यात काकूंनी बोलावून घेतलं. "अरे, तू बँकेत आहेस. ह्या बोटीचं काहीतरी बघ."

बँकेतल्या माणसाला सगळ्या वस्तूंची किंमत कळते, अशी समाजाची समजूत आहे. तिला धक्का लावणं मला परवडणारं नव्हतं. मी कागद घेतला. बोट घेतली चाळीस हजाराला, पंधरा वर्षांपूर्वी. आयकराच्या नियमात नौकांना वीस टक्के घसारा. दर वर्षी उरलेल्या किमतीच्या वीस टक्के वजा करत गेलं की पंधरा वर्षांनी उरतात चौदाशे सात रुपये. काकूंनी कागद उलटा धरून पाहिला. "आणि अजून पंधरा वर्षांनी?"

"पन्नासेक रुपये. या पद्धतीत काकू, किंमत कमी कमी होत जाते, पण शून्य कधीच होत नाही."

"हे बरं आहे," काकू म्हणाल्या आणि कागद देवघरात ठेवला.

पुण्याहून मुलाने मोबाइलवर जाहिरात टाकली. कोकणातून एकाने विचारलं, "जवळचं बंदर कुठलं?" मी 'बार्शी' असं लिहिणार होतो, काकूंनी अडवलं. मग गावातली गिऱ्हाइकं यायला लागली. हमरस्त्यावरचा एक ढाबेवाला म्हणाला, दहा हजार देतो, दारात ठेवतो, आत टेबल टाकतो, 'नौका फॅमिली रूम'. काकू म्हणाल्या, "ह्यांनी जन्मात मासा खाल्ला नाही आणि ह्यांच्या बोटीत बसून लोकांनी मटणाचा रस्सा ओरपायचा?" एका बागायतदाराला ती म्हशींना पाणी पाजायला हवी होती, तीन हजारांत. भंगारवाला म्हणाला, फायबरला भाव नाही, तुम्हीच दोनशे द्या, उचलून नेतो. गणपती मंडळाची पोरं आली. त्यांना केवटाचा देखावा करायचा होता, दहा दिवसांसाठी, फुकट, आणि रामाच्या भूमिकेला माणूस ठरलेला होता, केवट मात्र मी व्हावं असा आग्रह होता.

काकूंनी प्रत्येकात काहीतरी खोट काढली. मला वाटलं, आता बोट काही विकली जात नाही. एकदा तसं बोललोही. काकू भाजी निवडत होत्या. मान खालीच ठेवून म्हणाल्या, "मी कधी बसले नाही रे तिच्यात. मला एस.टी. लागते, बोट काय सोडणार होती? हे दर वर्षी म्हणायचे, एकदा चल. दिवस झाल्यानंतर एका दुपारी कुणी नव्हतं, तेव्हा जाऊन बसले. तासभर." थोड्या वेळाने म्हणाल्या, "काही लागली नाही."

मी पालकाची एक जुडी उगाचच सोडायला घेतली.

आणि मग एक दिवस तेरणेच्या काठावरचा भोई आला. त्याला बातमी फार उशिरा कळली होती. पन्नाशीचा, काळासावळा, पोटऱ्यांवर पाण्याने पडलेले पांढरे चट्टे. ट्रकच्या ट्यूबवर बसून, अर्धं अंग पाण्यात ठेवून जाळं टाकणारा. अंगणात उभा राहून तो बराच वेळ काही बोलला नाही. मग काकूंना म्हणाला, "सायेब लई चांगला मानूस, माय. धरलेला मासा सोडून द्यायचे."

"आणि तुम्ही?"

"म्या दुसऱ्या दिशी धरायचो," तो सरळ म्हणाला.

मग तो बोटीजवळ गेला. आतापर्यंतची गिऱ्हाइकं बोट वरून पाहात होती. हा खाली वाकला, तळाला हात लावला, बोटांनी चाचपत टोकापर्यंत गेला. "हितं चिरलंय बगा, उनानं. पान्यात असती तर न्हाई चिरली. ही कोरड्यावर ठिवायची वस्तू न्हवं." विकत मागितली नाही, किंमत विचारली नाही. चहा घेतला आणि गेला.

त्या रात्री पुण्याहून फोन. मुलगा म्हणाला, बाबांची आठवण आहे, राहू दे, रंग देऊन स्मारकासारखी ठेवू. काकूंनी मला विचारलं. सल्ला द्यायचा प्रसंग आला की मी उदाहरण देतो. सल्ला अंगाशी येतो, उदाहरण येत नाही. मी त्यांना हेमिंग्वेची गोष्ट सांगितली. ज्याच्या म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट पु.लं.नी 'एका कोळियाने' म्हणून मराठीत आणली, तोच हा नोबेलवाला. त्यालाही मासे धरायचा नाद. १९३४ साली त्याने ब्रुकलिनच्या कारखान्यातून अडतीस फुटी बोट करून घेतली, नाव 'पिलार'. क्यूबात त्या बोटीची सगळी देखभाल ग्रेगोरिओ फुएन्तेस नावाचा खलाशी करी. हा खलाशी १८९७ सालचा, म्हणजे आपल्या बार्शी लाइट रेल्वेच्या वयाचा, आणि तिच्यासारखाच चिवट. २००२पर्यंत जगला. १९६१ साली हेमिंग्वे गेला आणि बोट या खलाशाकडे आली.

"बरोबर केलं," काकू म्हणाल्या. "मग?"

"मग त्याने ती सरकारला दिली. सरकारने हेमिंग्वेच्या घराचं संग्रहालय केलं आणि तिथल्या जुन्या टेनिस कोर्टावर छप्पर घालून बोट उभी केली. अजून आहे. लांबलांबून लोक बघायला येतात."

काकू विचारात पडल्या. "कोर्टावर? म्हणजे कोरड्यावरच?"

"कोरड्यावरच."

"इतका मोठा लेखक, आणि शेवटी त्याची बोट आपल्या अंगणातल्यासारखीच उभी," काकू म्हणाल्या. "त्या तेरणेवाल्याला निरोप धाड."

भोई आला तो जावयाला आणि एका टेम्पोला घेऊनच. पण फुकट घ्यायला तयार होईना. "फुकटची नाव बुडती, माय." काकू देवघरात गेल्या आणि माझा कागद घेऊन आल्या. चौदाशे सात.

"वरचे सात कशाचे?" त्याने विचारलं.

"घसाऱ्याचे," मी म्हणालो. त्याने अशा नजरेने पाहिलं की मी सात रुपये तिथल्या तिथे सोडले. चौदाशेचे सात हप्ते ठरले, महिना दोनशे. व्याज नाही, तारण नाही, जामीन नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढं निर्धास्त कर्जवाटप मी पाहिलं नव्हतं. आणि सांगायला हरकत नाही, पहिले तीन हप्ते तारखेच्या आधी आले आहेत. आमच्या शाखेत हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

बोट टेम्पोत चढली. वल्ही आत ठेवली. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "एक अट आहे. वर्षातून एक मासा सोडायचा. ह्यांच्या नावाने. पितृपक्षात."

भोई गंभीर झाला. पोटाचा प्रश्न होता. त्याने जावयाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. "केवढ्या वजनाचा, माय?"

"ते तुम्ही बघा."

"मरळ म्हनाल तर परवडंना. रोहू बी आता महाग झालाय." थोडा विचार करून त्याने विचारलं, "चिलापी चालंल का?"

काकू माझ्याकडे वळल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "चिलापी चांगला मासा असतो का रे?"

उजनीपासून तेरणेपर्यंत ज्या तळ्यात बघाल त्यात ही चिलापी, अंगभर काटे, आणि एक सोडली तर दहा हजर. मी म्हणालो, "काकू, सोडून द्यायला चिलापीसारखा मासा नाही."

"मग चालेल," काकू म्हणाल्या.