दोन नाके

२०१९च्या मे महिन्यात आम्ही उभयता सिंगापूरला गेलो होतो. लग्नाला पंचवीस वर्षे झाली म्हणून मुलीने घडवून आणलेली सहल. त्यातला एक दिवस मी हट्टाने मलाक्कासाठी राखून ठेवला. आल्बुकेर्कने १५१०त गोवा घेतला आणि १५११त मलाक्का. आपल्या या धाकट्या भावंडाचे तोंड एकदा पाहावे, एवढीच इच्छा.

सकाळी बसने निघालो. सिंगापूर बेट आणि मलेशिया यांच्यामध्ये एक चिंचोळी खाडी आहे. तिच्यात भराव घालून बांधलेला रस्ता १९२४ साली खुला झाला. लांबी किलोमीटरपेक्षा थोडी जास्त. म्हणजे आमच्या गावात या वाड्यावरून त्या वाड्यावर जावे तेवढेच अंतर! पण ते कापायला केवढा सोपस्कार! अलीकडच्या नाक्यावर उतरा, जिना चढा, रांगेत उभे राहा, यंत्रावर बोटे टेकवा, जिना उतरून पुन्हा बसमध्ये बसा. खाडी ओलांडली की परत उतरा. आता सगळे सामानही बरोबर घ्या, पुन्हा रांग, पुन्हा बोटे, पासपोर्टवर शिक्का, मग पिशव्यांची तपासणी.

दुसऱ्या रांगेत बायको माझ्या कानाशी लागून म्हणाली, "अहो, ह्यो तर आमचो दोडामार्गचो नाको!"

तिचे माहेर दोडामार्ग तालुक्यातले. तिने थट्टा केली खरी, पण मला एकदम आत्याची आठवण झाली आणि हसू ओठातच राहिले.

इब्रामपूर हे पेडणे तालुक्याच्या अगदी शिवेवरचे आमचे गाव. पलीकडे महाराष्ट्राचा दोडामार्ग तालुका. १७८८पर्यंत पेडणे महालही सावंतवाडीकर भोसल्यांकडेच होता. तो पोर्तुगीजांकडे गेला आणि मध्ये रेघ पडली. पण रेघ पडली म्हणून सोयरिकी थोड्याच मोडतात? मुली दिल्या-घेतल्या जात होत्या, देवकार्याला पाहुणे येत होते, बाजारहाट चालू होता. नाके होते, जकात होती. तरी माणूस अडून पडत नव्हता.

माझी आत्या अशीच शिवेपलीकडे दिलेली. लग्न झाले तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची. आजोबा म्हणत, "चालत गेलं तर दुपारचं जेवण लेकीकडे होईल." पुढे गोवा मुक्तीचा लढा पेटला. १५ ऑगस्ट १९५५ला आमच्याच तालुक्यात पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारताने सीमा बंद करून आर्थिक नाकेबंदी आवळली. आता आमचा गाव एका देशात आणि आत्याचे सासर दुसऱ्या देशात.

१९५८च्या पावसाळ्यात आजोबा वारले. निरोप तिच्यापर्यंत पोचला तोच मुळी बाराव्यानंतर. रानवाटेने चोरून ये-जा करणारे होते, नाही असे नाही. पण तिच्या कडेवर वर्षाचे पोर, आणि पत्रादेवीनंतर सासरच्यांनी धसकाच घेतलेला. तिला कोणी पाठवले नाही. हे सांगताना ती कधी रडली नाही. एकदा एवढेच म्हणाली, "वाट तीच होती रे, पण येवक गावला नाय."

बस पुन्हा सुटली. खाडीवरच्या त्या रस्त्याला लागून जाडजूड नळ जाताना दिसले होते. मलेशियातल्या जोहोरचे पाणी त्यांतून सिंगापूरला जाते. १९६५च्या ९ ऑगस्टला सिंगापूर मलेशियापासून वेगळे झाले, पण पाणी काही थांबले नाही. मला आपली तिळारी आठवली. धरण दोडामार्ग तालुक्यात आणि कालव्याचे पाणी डिचोली, पेडण्याकडे. पाण्याला कोणी पासपोर्ट विचारत नाही.

आणखी एक गोष्ट मनात येत राहिली. तिथे एका देशाचे दोन झाले. आमच्याकडे त्याच्या चार वर्षे आधी, १९६१च्या डिसेंबरात, दोनाचे एक झाले होते. दोडामार्गच्या बाजूनेही भारतीय सैन्य गोव्यात उतरले आणि त्याच वाटेवरचा नाका एका रात्रीत निरर्थक ठरला.

मलाक्काला पोचेपर्यंत दुपार झाली. पोर्तुगीजांच्या किल्ल्याचा एक दरवाजा तेवढा उरला आहे. डच १६४१त आले, पुढे इंग्रज आले, त्यांनी किल्ला पाडला. मागच्या टेकडीवर सेंट पॉलचे छप्पर उडालेले देऊळ. सेंट फ्रान्सिस झेवियरचा देह १५५३त काही महिने इथे पुरलेला होता, मग तो गोव्याला आणला. ती रिकामी जागा जाळी लावून राखली आहे. बायको तिथे बराच वेळ उभी राहिली. "मेल्यावरसुद्धा माणसाला एवढा प्रवास," म्हणाली. रात्री परत येताना तेच दोन नाके, त्याच दोन रांगा. या खेपेला आम्ही दोघेही गप्प होतो.

त्या वर्षी चतुर्थीनंतर आत्याला भेटायला गेलो. इब्रामपुराहून मोटारसायकल काढली आणि अर्ध्या तासाच्या आत तिच्या अंगणात उतरलो. वाटेत कोणी हात दाखवला नाही. आत्या तेव्हा ब्याऐंशीची होती. नजर अधू, पण कान तल्लख. तिच्या हातात पासपोर्ट दिला. शिक्क्यावरून तिने बोट फिरवले आणि विचारले, "ह्या देशातून त्या देशात जावक किती वेळ लागलो?"

"दोन्ही नाके धरून सव्वा तास."

पासपोर्ट मिटून तिने माझ्या हातात परत दिला.

"बरा झाला," ती म्हणाली. "माका सहा वर्सां लागली."