सोडलं की सुटलं?

गेल्या पावसाळ्यात विज्ञानक्षेत्रातल्या स्त्रियांविषयीचा एक इंग्रजी अहवाल अनुवादासाठी माझ्याकडे आला. शिकलेल्या बाया पुढे संशोधनातून नाहीशा का होतात, हा त्याचा विषय. मी सवयीनं ‘गळती’ लिहीत गेले. शाळेतल्या मुलींसाठी आपण तोच शब्द वापरतो. पण दहाव्या पानावर हात थांबला. छप्पर गळतं, पानं गळतात. त्यात कुणी काही केलेलं नसतं.

ताई आठवली. 2003 साली तिची जीवरसायनशास्त्रातली पीएच.डी. अर्धवट राहिली. मूल चार महिन्यांचं होतं. मार्गदर्शकांनी अगदी मायेनं सांगितलं, “आता घर बघ. हे काय, कधीही करता येईल.” कधीही म्हणजे कधी, हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आले, “ताईनं संशोधन सोडलं.”

ताईच्याच विषयातल्या कमला सोहोनी, तेव्हाच्या कमला भागवत. 1933 साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटून बसल्या, तेव्हा एक वर्ष काम पाहून ठरवू, या अटीवर घेतलं. 1939 साली त्या केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो. दुर्गाबाईंची बहीण, वाकणार कशी! पण याच गोष्टीत बंगळूरला त्यांना मनापासून शिकवणारे श्रीनिवासय्या आहेत, केंब्रिजला हॉपकिन्स आहेत, घरात रसायनशास्त्र शिकलेले वडील आणि काका आहेत. कमलाबाई टिकल्या, हे खरंच. त्यांना टिकवणारीही माणसं होती.

ताईला कोण होतं? संशोधनात खंड पडलेल्या स्त्रियांसाठी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची योजना तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. तिला ती कुणी सांगितली नाही. मला तरी ती आत्ता, या कामाच्या निमित्तानं कळली. प्रबंध तपासणारे ताईला मिळाले होते. दार कुठे आहे ते वेळेवर दाखवणारं माणूस मिळालं नाही.

रात्री तिला फोन केला. योजनेचं सांगितलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “तू सगळ्यांना सांगतेस ना, मी सोडलं म्हणून? सोडलं कुठं गं, सुटलं.”

हिंदीतही छोड़ना आणि छूटना वेगळे आहेत. एवढा साधा फरक, आणि माझा तर हा धंदाच.

सकाळी अहवाल पुन्हा पहिल्या पानापासून काढला. ‘गळती’ जिथे जिथे होती तिथे खोडली, आणि प्रत्येक वाक्याला कर्ता शोधत बसले. कुणी टिकवलं नाही? कुणी सांगितलं नाही? काम चार दिवस लांबलं.