वेम्बलीतली उंदीरकानी



बागेचा विषय निघाला की आपल्यात बहुतेक वेळा गुलाब, टोमॅटो नाहीतर खिडकीतल्या कढीपत्त्याची कुंडी यावर चर्चा होते. आज जरा एका फुकट्या झाडाबद्दल लिहितो. फर्गेट-मी-नॉट. एप्रिल-मेमध्ये इथल्या कुठल्याही जुन्या बागेत दिसणारी ती बारीक निळी फुलं.

आम्ही वेम्बलीत घर घेतलं २००३ साली, म्हणजे जुन्या स्टेडियमचे दोन मनोरे पाडले त्याच वर्षी. आधीच्या मालकीणबाई आयरिश, वय झालेल्या. किल्ल्या देताना त्यांनी बॉयलरबद्दल दोन वाक्यं सांगितली आणि पुढच्या बागेतल्या या फुलांबद्दल दहा. तेव्हापासून आजतागायत आम्ही बियांचं एक पाकीटही विकत आणलेलं नाही. त्यांचीच झाडं दरवर्षी येतात.

याचं गणित असं. बी पडतं मे-जूनमध्ये, रोप त्याच उन्हाळ्यात उगवतं, हिवाळाभर जमिनीला चिकटून बसतं आणि पुढच्या वसंतात फुलतं. फुललं की संपलं. पहिल्यांदा लावणार असाल तर जूनमध्ये ट्रेमध्ये बी टाका, वर मातीचा अगदी पातळ थर द्या, ओल टिकवा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रोपं वीतभर अंतरावर जमिनीत हलवा. अर्धी सावली आणि ओलसर माती एवढीच मागणी. आमची पुढची बाग उत्तरेकडे तोंड करून, माती लंडनची चिकणी. दुसरं काही तिथे सुखाने राहत नाही, हे मात्र मजेत. खत घालू नका, नुसती पानं माजतात.

कळी गुलाबी असते, उमलली की निळी होते. मधला पिवळा डोळा परागीभवन झालं की पांढरट पडतो, म्हणजे मधमाशीला "इथे काही शिल्लक नाही" असा निरोप. जवळ जाऊन बघितल्याशिवाय हे कळत नाही.

जून आला की झाडाची रया जाते. त्या सुमारास एकदा सासरे आले होते. निफाडचे द्राक्षवाले. पानांवरची पांढरी पावडर बघून दारातूनच म्हणाले, "जावईबापू, भुरी पडलीय. गंधक मारा." द्राक्षाला जी भुरी पडते तिचीच ही बहीण. मी म्हटलं, "बाबा, हिला मारायचं काही नाही, हिचं काम झालंय." फुलणं संपलेली झाडं उपटायची, जिथे पुढच्या वर्षी हवीत तिथे झटकायची आणि टाकून द्यायची. झालं! बिया मोज्यांना चिकटून घरातही येतात, कारण फुलाखालच्या पेल्यावर बारीक आकड्यांसारखी लव असते.

सासऱ्यांनी एक कोवळं पान बोटांत धरलं आणि म्हणाले, "ही तर उंदीरकानी दिसते." आपल्याकडची उंदीरकानी वेगळी, जमिनीवर पसरणारी वेल. पण गंमत बघा, फर्गेट-मी-नॉटचं शास्त्रीय नाव मायोसोटिस, आणि ग्रीकमध्ये त्याचा अर्थ उंदराचा कान! "विसरू नको" या नावाबरोबर नदीत बुडणाऱ्या सरदाराची एक रडकी दंतकथाही येते. मला उंदराचा कान जास्त पटतो. मी साताऱ्याचा, त्यामुळे हे फूल बघून कासच्या पठारावरची निसुर्डी आठवते. ती याच कुळातली. जुनी पुस्तकं या कुळात आपलं भोकरही घालतात. लोणच्याचं भोकर!

आता खरा मुद्दा. आमच्या गल्लीत पुढची बाग उरलेली घरं बोटावर मोजण्याइतकी. बाकी सगळीकडे फरशी. मॅच किंवा कॉन्सर्टच्या दिवशी रस्त्यावर परमिटशिवाय गाडी लावता येत नाही, तेव्हा दारातली जागा लोक भाड्याने देतात. शेजारचे गुजराती काका मला दर सीझनला हिशोब करून दाखवतात. मी हसून सोडून देत होतो. पण गेल्या वर्षी मुलाने इलेक्ट्रिक गाडी घेतली, आणि ती घरी चार्ज करायची तर दारात उभी करावी लागते. हा मुद्दा काही खोटा नाही. चार महिने जेवणाच्या टेबलावर हाच विषय. बायको मुलाच्या बाजूने. मी आणि उंदराचे कान एका बाजूला.

इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २००८ पासून पुढच्या बागेत पाच चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर पाणी न झिरपणारी फरशी घालून पाणी रस्त्यावर सोडायचं असेल तर प्लॅनिंग परमिशन लागते. फुटपाथची कड उतरवायला कौन्सिलची परवानगी वेगळी. नियम उगाच नाहीत. पावसाचं पाणी मातीत जिरलं नाही तर ते गटारात आणि ओढ्यात जातं, आणि आपला वील्डस्टोन ब्रुक जोराच्या पावसात कसा फुगतो ते स्टेडियमच्या बाजूला राहणाऱ्यांना विचारा.

उलट टोक पाहिलं २०२२ साली. १९ जुलैला हीथ्रोला ४०.२ अंश! आमची सगळी रोपं करपली. बायको म्हणाली, "चला, निसर्गानेच निर्णय दिला." पण मातीत बी शिल्लक होतं. सप्टेंबरच्या पावसानंतर उंदराचे कान पुन्हा वर. त्या वसंतात फुलं थोडी उशिरा आली, विरळ आली, पण आली.

शेवटी तोडगा निघाला तो असा. पूर्ण फरशी नाही. चाकांपुरत्या दोन पट्ट्या, मध्ये आणि कडेला माती तशीच. गाडीखाली झाडं कितपत तग धरतील ते बघू. सावलीची तरी सवय आहे त्यांना. कारागीर नोव्हेंबरात येणार. त्याआधी, गणपतीच्या सुमारास, पट्ट्यांच्या जागेतली रोपं मला काढायची आहेत. निम्मी मागच्या कुंपणापाशी जातील. उरलेली दह्याच्या डब्यांतून डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात घेऊन येईन.

ज्यांना तिथे जमणार नाही त्यांनी घरी यावं, चहा होईल. फक्त मॅचचा दिवस टाळा. गाडी लावायला आमच्याकडे अजून जागा नाही.

कळावे, लोभ असावा.